पट, मॅजिक आणि मी

आमच्या गावातून बाहेर पडायचा रस्ता जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकासमोरून जातो. दुसरा एक होता, तो पाइपलाइनसाठी खोदला आणि तसाच टाकला. त्यामुळे रोज सकाळी माझी टाटा मॅजिक पोरांनी भरून त्या फाटकासमोरूनच न्यावी लागते. त्या वेळी मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात उभ्या असतात. त्या माझ्याकडे बघतात, मी समोर बघतो.

गाडीत 23 पोरं असतात. 11 इंग्लिश मीडियमची, 12 अमळनेरच्या हायस्कूलची. (आरटीओचं कोणी वाचत असेल तर त्यांनी कृपया 23 च्या जागी 8 वाचावं.) आणि मी त्याच जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे.

पारावर माझी यावरून जी उडवतात ती उडवतातच. परवा आमच्या भाऊबंदकीतले एक आप्पा म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तुमनी शाया तं तुम्हीच रिकामी करी राह्यनात." सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार, खोटं थोडंच होतं?

अध्यक्ष मी हौसेनं झालो नाही. समितीत पाऊणभर सदस्य पालकच हवेत आणि अर्ध्या बाया हव्यात असा नियम आहे, अध्यक्ष पालकांतलाच लागतो. म्हणजे ज्याचं पोरगं त्या शाळेत आहे तोच. गावात ज्यांना सभेत उभं राहून बोलता येतं, त्यांची पोरं सगळी बाहेर. उरलो मी, कारण माझी पोरगी तिथं आठवीत आहे. बीए झालेला, मोबाइलवर मराठी टाइप करता येणारा, आणि स्वतःची गाडी असलेला पालक दुसरा नव्हताच. निवड बिनविरोध.

लोक विचारतात, घरची गाडी असून पोरीला इथंच का ठेवलं? खरं उत्तर दोन तुकड्यांत आहे. पहिलीत घातली तेव्हा गाडी नव्हती, पैसेही नव्हते. नंतर गाडी आली, तोवर तिला गणित आवडायला लागलं होतं आणि गणित शिकवणाऱ्या बाई त्या शाळेत होत्या. तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात.

आता पटाचं, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या संख्येचं सांगतो, कारण गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की शाळा मास्तरांच्या आळसानं बसते. शाळा बसते ती 30 सप्टेंबरला. त्या दिवशी सरकारी पोर्टलवर जेवढी पोरं दिसतात, त्यावरून पुढची संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं. एक ऑक्टोबरला शंभर पोरं आणून उभी केली तरी त्यांचा उपयोग त्या वर्षी नाही. आणि पोरगं नुसतं वर्गात बसून भागत नाही, त्याचं आधार पोर्टलवर जुळलं पाहिजे. नाव, जन्मतारीख, लिंग, तिन्ही. आमच्या हजेरीत "पाटील" आणि आधारवर इंग्रजीतून उलटं येऊन "पाटिल" झालेली पोरं आहेत. एका पोरीला आधारनं पुरुष केलंय. ती रोज शाळेत येते, खिचडी खाते, पहिल्या बाकावर बसते, पण मोजणीत नसते.

गेल्या वर्षी सहावी, सातवी, आठवी मिळून आमच्या हजेरीवर 21 पोरं होती. पोर्टलवर जुळलेली 18. तीन पोरांचं आधार अडकलं होतं. बाई तालुक्याला चार खेपा गेल्या, त्यातली एक माझ्या गाडीनं. जुळलं नाही ते नाहीच.

18 आणि 21 मधला फरक काय, तर शिक्षण हक्काच्या कायद्यात, तो 2009 चा, सहावी ते आठवीला 35 पोरांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, आणि गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्रांना एक, भाषेला एक असे निदान तीन हवेत असंही. वाचायला किती गोड वाटतं. मग 15 मार्च 2024 ला राज्याचा नवा शासन निर्णय आला, त्यात सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत गेला तर त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही. एक नाही, अर्धा नाही, शून्य. शिक्षक संघटनांनी आरडाओरड केली, मोर्चे काढले. आमच्या शाळेची संचमान्यता हातात आली तेव्हा त्यात सहावी ते आठवीच्या रकान्यात जे शून्य होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चहा मागवला.

दोन पदवीधर शिक्षक अजून वर्गात आहेत, कारण समायोजन व्हायचंय. समायोजन म्हणजे अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला दुसरीकडे जागा दाखवणं. ते कधी होईल सांगता येत नाही. पाडळसरे धरणाची वाट आमच्या तालुक्यानं जितकी बघितली, तितकी हेही बघायला लावतील म्हणून थोडा धीर आहे. सरकारी कामाला उशीर व्हावा अशी प्रार्थना करणारा अध्यक्ष मी एकटाच असेन.

त्या दोघांपैकी गणित-विज्ञानाचे सर 2024 ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आले. मराठवाड्यातले. पहिल्या महिन्यात त्यांची फार मजा झाली. पोरं घरी अहिराणी बोलतात, वर्गात पुस्तकी मराठी, आणि घाबरली की दोन्ही एकत्र. सरांनी एका पोराला विचारलं, गृहपाठ का नाही केला. पोरगं म्हणालं, "सर, वही नही शे." सर म्हणाले, "नाही आणि शे म्हणजे काय? आहे की नाही?" वर्ग हसून लोळला. आता सर स्वतःच "शे" म्हणतात. भिलाटीतल्या एका आजीनं त्यांना विचारलं, तुम्ही कुठले? तर म्हणाले, "आठलाच शे माय." उच्चार अजून लातूरकडचाच आहे, पण आजीला चाललं.

हे सर आल्यापासून आठवीची पोरं शाळा सुटल्यावर तासभर थांबायला लागली, एनएमएमएसच्या तयारीला. ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीत द्यायची, बुद्धिमत्तेचा एक पेपर 90 गुणांचा आणि शालेय विषयांचा एक 90 चा. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला 1000 रुपये. गेल्या वर्षी आमच्या आठवीत 8 पोरं होती, आठही बसली, दोघांची निवड झाली. त्यातल्या एका पोरीची आई कापूस वेचायला जाते, बाप नाही. चार वर्षांचे मिळून 48,000 होतात. तिनं ते आकडे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

विनाअनुदानित इंग्लिश मीडियमच्या पोरांना ही परीक्षा देता येत नाही. ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठीच आहे. हे मी माझ्या गाडीतल्या एका पालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू गाडी चालाव ना भो." बरोबर आहे. माझं काम तेच.

तर मग पोरं जातात का? दरवेळी शाळा वाईट म्हणून जातात, हे मला पटत नाही. मी बघतो ते असं. आमच्याकडे पूर्वी गावच्या शाळा चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत असायच्या. माझे आजोबा जुनी सातवी पास होते, त्या काळी तेवढ्यावर मास्तर होता यायचं, ते मात्र शेतीतच राहिले. कायदा आल्यावर चौथीच्या शाळांना पाचवी जोडायची आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायची ठरलं. पण तालुक्याच्या गावातली हायस्कुलं पाचवीपासून दहावीपर्यंत आधीपासूनच होती. म्हणजे पाचवी ते आठवी या चार वर्गांसाठी दोन दुकानं समोरासमोर. हायस्कूलला गेलेलं पोरगं दहावीपर्यंत निश्चिंत. आमच्याकडे राहिलेल्याला नववीला पुन्हा दाखला, पुन्हा नवी शाळा, नवे मित्र. बाप म्हणतो, जायचंच आहे तर आत्ताच जाऊ दे. यात त्याचं काय चुकलं?

आणि हायस्कूलच्या शिक्षकांचीही नोकरी त्याच पटावर टांगलेली. तुकडी तुटली की तेही अतिरिक्त. मे महिन्यात, म्हणजे जेव्हा आमच्याकडे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा हायस्कूलचे तीन-तीन, चार-चार शिक्षक डोक्याला रुमाल बांधून गल्लीगल्लीत फिरताना दिसतात. वह्या देतो, गणवेश देतो, गाडीचं भाडं आम्ही भरतो. हो, हे शेवटचं माझ्यासाठी. त्या 12 पोरांचं भाडं पालक देत नाहीत. त्या शाळेचे शिक्षक आपापल्या पगारातून वर्गणी काढतात आणि दर महिन्याच्या दहा तारखेला मला पैसे येतात. त्यातल्या एकाला अजून वीस टक्के अनुदानावर अर्धामुर्धा पगार मिळतो, तोही वर्गणी देतो. त्याच्याकडून पैसे घेताना मला कसंतरी होतं, पण डिझेलवाला माझ्याकडून घेताना त्याला काही होत नाही.

म्हणजे बघा. सरकारी पगार घेणारा एक मास्तर आपली नोकरी वाचवायला सरकारी पगार घेणाऱ्या दुसऱ्या मास्तरच्या वर्गातून पोरगं उचलतो, त्याचं भाडं मला देतो, आणि मी त्या दुसऱ्या मास्तरच्या शाळेचा अध्यक्ष. आमच्या गावात तमाशाचे फड यायचे बंद झाले ते उगीच नाही.

इंग्लिश मीडियमचं वेगळं आहे. तिथं पालक स्वतः फी भरतात, भाडंही भरतात, आणि टाय बांधलेलं पोरगं ओट्यावर उभं करून फोटो काढतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्याला स्वतःला बँकेत गेल्यावर इंग्रजी फॉर्मपुढे गप्प उभं राहावं लागलं, तो पोराला टाय बांधणारच. पण गेल्या पावसाळ्यात एक गंमत झाली, गंमत म्हणावी की काय ते तुम्ही ठरवा.

अमळनेरला जाताना आम्हाला सुरत-भुसावळ लाइनचं फाटक लागतं. मालगाडी आली की दहा मिनिटं, दोन आल्या की वीस. पोरं आत धिंगाणा घालतात. एकदा मी समितीच्या बैठकीसाठी 'असर'बद्दलचं काहीतरी वाचत होतो. प्रथम संस्था 2005 पासून घरोघर जाऊन पोरांना वाचायला आणि गणित करायला लावते, तीच ती पाहणी. तपासणी साधी, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायचा आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येनं भागायचं. 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या पोरांपैकी 69.6 टक्क्यांना तो उतारा वाचता आला, भागाकार 44.7 टक्क्यांना. मला वाटलं, फाटक तर बंदच आहे, आपणही बघू.

दुसरीचं पुस्तक पोरीच्या धाकट्या भावाचं होतं. सहावी ते आठवीची 14 पोरं गाडीत. मराठीचा उतारा 9 जणांनी नीट वाचला. इंग्लिश मीडियमच्या पाचांपैकी तिघं अडखळली, त्यातलं एक सातवीतलं. मी म्हटलं, बरं, इंग्रजी वाच. त्यानं एक वाक्य घडाघडा वाचलं. मी म्हटलं, याचा अर्थ? ते खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजायला लागलं. भागाकार, 738 भागिले 6, बरोबर आला सहा जणांना.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तोच उतारा आणि तोच भागाकार घेऊन आमच्या शाळेत गेलो, म्हटलं आता दाखवतो सगळ्यांना. उतारा दोन पोरं सोडून सगळ्यांनी वाचला. भागाकार मात्र निम्म्यांना जमला. एका आठवीतल्या पोरानं उत्तर 1,230 काढलं आणि ते इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर मलाच शंका आली. सर लाजले. मी त्यांना म्हटलं, गाडीतही एवढेच होते. ते म्हणाले, "गाडीतल्यांचं तुम्ही बघा, यांचं मला बघायचंय." त्या दिवसापासून परिपाठानंतर रोज एक भागाकार फळ्यावर असतो.

तेव्हा जे म्हणतात की झेडपीत शिक्षण राहिलं नाही, त्यांनी फाटकाशी येऊन उभं राहावं. आणि जे म्हणतात की झेडपी म्हणजे सोनं, त्यांनीही.

आमच्या शाळेची खरी अडचण दिवाळीच्या आगंमागं येते. कापूस फुटला की सातवी-आठवीच्या पोरी हजेरीतून गळतात. वेचणी किलोवर असते, आईबरोबर पोरगी गेली की संध्याकाळी वजन दुप्पट. बाई घरी जातात, आईला समजावतात, आई मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा वावरात. मागच्या वर्षी नोव्हेंबरात सातवीच्या आठांपैकी तीनच पोरं असायची. सर त्या तिघांना काय शिकवणार, आणि परत आलेल्या पाचांना पुन्हा काय शिकवणार? चाचणीत मग तेच दिसतं, आणि चाचणीचा आकडा बघून आणखी एक पालक माझ्या गाडीचं विचारायला येतो. माझी पोरगीही दिवाळीच्या सुट्टीत वेचायला जाते. घरच्याच वावरात, आणि सुट्टी संपली की परत, पण जाते.

2011 ची पटपडताळणी आठवते का? ऑक्टोबरात तीन दिवस सगळ्या राज्यात एकदम पोरं मोजली होती, बोटाला शाई लावून, म्हणजे एकच पोरगं दोन शाळांत उभं करायला नको. मी तेव्हा नुकताच बीए झालेलो, पारावर रिकामा बसायचो. आमच्या शाळेतली पोरं ती शाईची बोटं मतदान केल्यासारखी गावभर दाखवत हिंडली. कागदावरची लाखो पोरं तेव्हा गायब झाली. आमची सगळी खरी निघाली, सहावी-सातवीचीच 60 च्या वर होती. तेव्हा शाळा पोरं नसताना दाखवायच्या. आता आमची पोरं बाकावर असून दिसत नाहीत.

शाळा बंद होईल का, हे मला रोज कोणीतरी विचारतं. पहिली ते पाचवीला पोरं आहेत, ती लगेच जाणार नाही. सहावी ते आठवीचं सांगता येत नाही. 2017 ला सरकारनं दहाच्या आतल्या 1,314 शाळा दुसरीकडे जोडायच्या ठरवल्या होत्या, त्यावरून केवढा गहजब झाला. 2023 ला समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, लहान शाळा एकत्र करून एक मोठी. त्याचं उदाहरण म्हणून जे नाव घेतलं जायचं ते आपल्या खान्देशातलंच, तोरणमाळ. तिथल्या पाड्यांचं, डोंगराचं गणित निराळं आहे. आमच्याकडे समूह शाळा म्हणजे पोरांना रोज गाडीनं न्यायचं. गाडी कोणाची असेल? एकदा बायकोनं रात्री जेवताना विचारलं, "म्हणजे शाळा बंद झाली तर आपल्याला फायदाच ना?" तिनं सरळ विचारलं होतं, टोमणा नव्हता. हप्ता तीच भरायला जाते. मी म्हटलं, होईल फायदा. आणि भाकरी संपवली.

त्यानंतर या मे महिन्यात मी एक उद्योग केला. पाचवीत 9 पोरं होती. त्यातल्या सहा जणांच्या घरी हायस्कूलचे सर जाऊन आले होते, दाखले काढायचं ठरलं होतं. मी बाईंना आणि सरांना गाडीत घातलं आणि त्या सहा घरी गेलो. गावातल्या गावात गाडी काय करायची, पण ऊन होतं. पहिल्या घरी आजीनं मला बघून कपाळावर हात मारला. "काल हायस्कूलवालासंगे उना, आज झेडपीवालासंगे उना. तू नेमका कोना शे रे?" मला उत्तर सुचलं नाही. सरांनी एनएमएमएसच्या दोन पोरांचं सांगितलं. बाईंनी सांगितलं की सहावीपासून जेवणाला तांदूळही दीडशे ग्रॅम मिळतो, पाचवीपर्यंत शंभरच. आजीला हे दुसरं जास्त पटलं.

एका घरी आई म्हणाली, "दादा, मना पोऱ्या रडस. म्हनस, सगया गाडीमा जातस, मी एकलाच पायी का जाऊ?" यावर तीन मोठी माणसं गप्प बसलो. पोरगं कोपऱ्यात उभं होतं. त्याला शाळा नको होती, त्याला माझी गाडी हवी होती. शेवटी मी त्याला कबूल केलं की रविवारी गाडी धुवायला तू ये, पुढच्या सीटवर बसवून बोरीच्या पुलापर्यंत चक्कर. ते राहिलं. दर रविवारी येतं, पाणी माझ्यापेक्षा जास्त उडवतं.

सहापैकी तिघं राहिली. तिघं गेली. गेलेली तिघं रोज सकाळी माझ्या गाडीत चढतात आणि मला "दादा, गुड मॉर्निंग" म्हणतात. राहिलेल्या तिघांची सीटं तेवढी रिकामी गेली. हायस्कूलच्या सरांना कळलं तेव्हा त्यांनी फोन केला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही तरी असं करायला नको होतं." त्यांच्या आवाजात जो थकवा होता तो माझ्या ओळखीचा होता. आमच्या बाईंचाही तसाच येतो. पुढच्या वर्षी माझी पोरगी नववीत त्यांच्याकडेच जाणार आहे, माझ्याच गाडीतून. तेव्हा त्यांचा एक पट वाढेल, असं मी म्हणालो. ते हसले.

तर या वर्षीचा हिशोब. सहावीत 6, सातवीत 5, आठवीत 8. झाले 19. सगळ्यांचं आधार जुळलेलं, पुरुष झालेली पोरगीसुद्धा जुलैमध्ये परत बाई झाली. आणि ऑगस्टमध्ये विसावं पोरगं आलं.

त्याचा बाप सुरतला लिंबायतमध्ये राहतो, लूमवर आहे. आमच्या गावातली प्रत्येक तिसरी गल्ली तिकडं आहे म्हणा ना. संध्याकाळी अमळनेर स्टेशनवर उभं राहिलं की सुरतेच्या गाडीला जेवढी गर्दी असते तेवढी आमच्या यात्रेला नसते. पोरगं तिथं महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत होतं. आजोबांना अर्धांगवायू झाला, आई पोरांना घेऊन गावी आली. पोरगं हुशार आहे. तीसपर्यंत पाढे म्हणतं, मधूनच "चालशे" म्हणतं, आणि 738 भागिले 6 त्यानं तोंडी सांगितलं, 123, फळ्याकडे न बघता. सरांनी मला फोन करून हे सांगितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी फोन.

पण त्याचं आधार सुरतेत काढलेलं, तो दोन-तीन वर्षांचा असताना. नाव इंग्रजीत एक, गुजरातीत एक, दाखल्यावर तिसरंच. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे असतात, ते कोणी दिलेच नाहीत. आज 12 सप्टेंबर. बाईंनी परवा माझ्या हातात त्याच्या दाखल्याची झेरॉक्स दिली आणि काही बोलल्या नाहीत.

म्हणून आज दुपारची फेरी मी चुलतभावावर सोपवली आणि त्या पोराला आणि त्याच्या बापाला घेऊन अमळनेरला गेलो. बाप दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, एक दिवसाची मजुरी त्यानं त्यासाठी बुडवली. आधार केंद्रावर टोकन 43. आमच्या पुढे एक म्हातारी होती, तिचे ठसे मशीन घेत नव्हतं, आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेली बोटं. ऑपरेटर तिला कापडानं बोटं पुसायला सांगत होता आणि ती पुन्हा पुन्हा पुसत होती. तासाभरानं आमचा नंबर आला. पोराचे ठसे पहिल्या फटक्यात आले. दहाही. ऑपरेटरनं पावती दिली, म्हणाला, नाव बदलून यायला किती दिवस लागतील ते वरून ठरतं, नव्वदपर्यंतही लागतात, मोबाइलवर बघत राहा.

येताना फाटक बंद होतं. पोरगं पुढच्या सीटवर, बाप मागे. मालगाडी जाऊ लागली, पोरानं डबे मोजायला सुरुवात केली, 58 निघाले. फाटक उघडल्यावर टपरीवर थांबलो. बापानं खिशातून पन्नासची नोट काढून विचारलं, "भाडं कितलं व्हयनं भो?" मी म्हटलं, असू दे. त्यानं नोट परत ठेवली नाही, तशीच हातात धरून उभा राहिला. मग चहाचे पैसे त्यानं दिले. मी देऊ दिले.